बादलीत हात, डब्यात डोळा

फोटोत

एक कमान आहे. कमानीवर पांढरी फुलं आणि खाली पांढऱ्या पोशाखातली नवरी. हे दोन पांढरे एकमेकांचे इतके सख्खे, की कापड कुठं संपलं आणि पाकळी कुठं सुरू झाली ते बोट लावूनच बघावं. दंतवैद्यिणीच्या मुलीचं हे लग्न. अल्बमचं मधलं पान. आणि त्या पानावर खरंच एक बोट आहे, पण ते दुसऱ्याच मुलीचं. ती मुलगी फोटोबाहेर आहे. तिकडेच जाऊ.

फोटोबाहेर

"मला हा पांढरा हवा," ती म्हणाली.

ही मुलगी म्हणजे आपली नवरी. तिचं लग्न पुढच्या आठवड्यात. अल्बम दंतवैद्यिणीच्या मुलीकडून मागून आणलेला, आणि शेजारी तिची आई, पर्स मांडीवर घट्ट धरून, परीक्षेला बसल्यासारखी.

"बाकीच्या लग्नांत काय होतं, फुलं एक सांगतात आणि फोटो भलतंच सांगतात," नवरी म्हणाली. "इथं सगळं एका हातानं केल्यासारखं दिसतं."

"हात दोन आहेत, बाई," टेबलापलीकडची फुलवाली म्हणाली. "टाळी दोन हातांनी वाजते, पण ऐकू एकच येते."

फुलवालीला सगळा रस्ता वहिनी म्हणायचा. खरी वहिनी ती एकाच माणसाची: दुकानाच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं बसलेल्या फोटोवाल्या नणंदेची. नणंद-भावजय एका छताखाली धंदा करतात आणि अजून भांडी वाजलेली नाहीत, ह्याचंच लोकांना जास्त अप्रूप होतं. भांडी वाजली नव्हती असं नाही. पहिल्याच वर्षी नणंदेनं एका गुच्छातला गुलाब "मध्ये येतोय" म्हणून उपटला होता, आणि वहिनीनं कॅमेऱ्यात डोकावून "माझी लिली एवढी भुतासारखी का दिसते?" असं भर लग्नात विचारलं होतं. त्या दिवशी दोघींनी तह केला. तू माझ्या बादलीत हात घालू नकोस, मी तुझ्या डब्यात डोळा घालणार नाही.

तेव्हापासून काम असं चालायचं. नवरीच्या कापडाचा एक तुकडा दुकानाच्या दाराच्या चौकटीला टाचणीनं लावायचा. वहिनी एकेक फूल उजेडात त्या तुकड्याजवळ धरायची आणि म्हणायची, "हो." नाहीतर, "नाही." हो म्हटलेलं बादलीत, नाही म्हटलेलं बाहेर. नणंद फक्त ऐकायची. पुढं लग्न व्हायचं, फोटो निघायचे, मागच्या खोलीत जायचे आणि अल्बम होऊन बाहेर यायचे. वहिनी अल्बम बघायची, मान डोलवायची. तिच्या हो-नाहीवर बोलायची कुणाची छाती नव्हती. पांढऱ्यातले पांढरे तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखे ओळखीचे: दुधी, पिठूळ, मोतिया, हस्तिदंती, सायीचा, चुन्याचा, आणि तिनंच नाव ठेवलेला एक, धुतलेल्या कपाचा.

"आणखी एक," नवरी म्हणाली. "हॉलमध्ये मोठा पडदा लावणार आहोत. फोटो काढला की लगेच पडद्यावर. पाहुण्यांना तिथल्या तिथं दिसेल."

मागच्या खोलीतली खुर्ची करकरली. नणंद दारात आली.

"तसं नका करू," ती म्हणाली. "फोटो आधी नीट करावे लागतात."

"नीट काय करायचंय?" वहिनी हसली. "नीट तर मी करूनच दिलेलं असतं. लावा हो पडदा. माझ्या फुलांना काय चोरीचं भय?"

नवरीची आई पहिल्यांदा हसली. नणंद हसली नाही.

फोटोत

दोरीवर तीन बनियन वाळत आहेत. नणंदेनं उगीच, लेन्स पुसून झाल्यावर बघायला म्हणून काढलेला फोटो. पुरुषाचे बनियन. आकाशी रंगाचे. आकाशी बनियन कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.

फोटोबाहेर

"काय गं, नवरीपुढं तोंड का पाडलंस?" पाहुण्या गेल्यावर वहिनीनं विचारलं.

"ह्या लग्नाला नको म्हणूया."

"का गं?"

"पडदा नको मला."

"पडद्याला घाबरायला तू काय कुणाचा हात धरून पळून चाललीस?"

नणंद हसेल असं वाटलं होतं. तिनं कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. चार दिवसांपूर्वी तिनं हिला कोपऱ्यावरच्या काचेच्या स्टुडिओवाल्याशी बोलताना बघितलं होतं. तो हातवारे करून सांगत होता, ही खाली मान घालून ऐकत होती. असं खाली मान घालून माणूस एक तर प्रेम ऐकतं, नाहीतर पगार.

तेवढ्यात वहिनीचा नवरा टेम्पो लावून आत आला, सदरा काढून खुंटीला अडकवला आणि आकाशी बनियनवर पाणी प्यायला बसला.

"दादा, काय हे," नणंद म्हणाली.

"आभाळ पांघरून हिंडतोय," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीचा निळीवर भारी जीव. चार थेंब सांगितले तर चाळीस."

"पांढरं पांढरं नको दिसायला?" वहिनी म्हणाली. "दिसत नाही तोवर घालायची."

नवरा आणि बहीण, दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एवढंसंच. वहिनीनं ते बघितलं आणि तिला वाटलं, ह्याला पण माहीत आहे ती जाणार ते. घर फिरलं की घराचे वासे फिरतात. इथं तर वासे आधी ठरवून बसले होते.

(इथं एक फोटो असायला हवा होता: नवरा आणि नणंद एकमेकांकडे बघताहेत तो. पण कॅमेरा त्यांच्यातल्याच एकीच्या हातात होता.)

फोटोबाहेरच

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी दाराच्या चौकटीला नवरीच्या कापडाचा तुकडा लागला. बादल्या आल्या. गुलाब, शेवंती, लिली. वहिनीनं एकेक फूल तुकड्याजवळ धरायला सुरुवात केली. हो. हो. नाही. हो.

नणंद चौकटीला टेकून उभी होती. मग जे कधीच घडलं नव्हतं ते घडलं.

"वहिनी, हा गुलाब जरा... पिवळसर नाही ना?"

वहिनीचा हात तसाच राहिला. तिनं गुलाबाकडे बघितलं, तुकड्याकडे बघितलं. गुलाब पांढरा होता. तुकडा पांढरा होता. नणंदेचा चेहरा मात्र पांढरा नव्हता.

रागावली की वहिनी नणंदेला अहो-जाहो करायची. घरात ते सगळ्यांना माहीत होतं. कुत्रं असतं तर तेही टेबलाखाली गेलं असतं.

"अहो वन्सं," वहिनी म्हणाली, "तुम्ही फुलांत कधीपासून बघायला लागलात?"

"मी आपलं सहज..."

"सहज नाही. जायचं असेल तर सरळ जा. काचेच्या दुकानात जा, एसीत बसा. पण जाता जाता माझ्या फुलांना नावं ठेवून जाऊ नका. आणि हो, बादलीतला हात काढा."

नणंदेचा हात बादलीच्या काठावर होता. आत नव्हता. तरी तिनं तो भाजल्यासारखा काढून घेतला आणि कॅमेऱ्याची पिशवी भरायला लागली. कोपऱ्यावरच्या माणसाबद्दल ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. वहिनीनं उरलेली सगळी फुलं एका दमात निवडली. हो, हो, हो, हो. त्या दिवशी एकही नाही निघालं नाही.

फोटोत

पडद्यावर. भिंतीएवढा. हॉलमधल्या रिकाम्या खुर्च्यांच्या वर, एका माणसाच्या दुप्पट उंचीची नवरी. पोशाख नीट बसतो का बघायला ती लग्नाच्या आदल्या दुपारीच आली आहे आणि पोशाख घालूनच कमानीखाली उभी आहे. फुलं तिच्या खांद्याला टेकली आहेत. ती हसते आहे, कारण फोटो काढताना तिनं तो अजून बघितलेला नव्हता.

फोटोबाहेर

आता तिनं बघितला.

"आई," ती हळूच म्हणाली.

आई पडद्याजवळ गेली, मागं आली. "अगंबाई. ही फुलं शिळी आहेत का?"

वहिनी शिडीवर होती, कमानीचं वरचं टोक बांधत. शिळी हा शब्द तिच्या आयुष्यात तिच्या फुलांना कुणी लावला नव्हता. ती एकेक पायरी उतरली.

"सकाळी आलेली फुलं आहेत," ती म्हणाली. "देठ मोडून बघा. पाणी येईल."

"मग पिवळी का दिसतात?"

वहिनीनं पडद्याकडे बघितलं. तिथं पांढरा पोशाख होता आणि पांढरी फुलं होती. तिनं आजूबाजूला बघितलं. नवरी, नवरीची आई, खुर्च्या मांडणारे दोघं, हॉलचा मॅनेजर: सगळे त्याच पडद्याकडे बघत होते आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच गोष्ट होती. सगळ्यांना दिसत होती. तिलाच दिसत नव्हती. एखाद्या विनोदावर सगळी पंगत हसावी आणि आपल्यालाच तो कळू नये, तसं. फक्त इथं कुणी हसत नव्हतं.

"पडद्याचं असेल काहीतरी," मॅनेजर खाकरला. म्हणजे त्यालाही दिसत होतं.

"माझं चुकलं," नणंद पटकन म्हणाली. "कॅमेऱ्याचं सेटिंग चुकलंय. मी बघते."

वहिनीच्या जिवात जीव आला, आणि जिवाबरोबर रागही. "ऐकलंत ना? कॅमेरा. आण तो इकडे."

"वहिनी, राहू दे."

"आण म्हणते ना."

तह मोडला. वहिनीनं कॅमेरा ओढून घेतला, डोळ्याला लावला, तो नाकाला आपटला. तिला इतक्या वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

"एक डोळा मिट," नणंद अगदी बारीक आवाजात म्हणाली.

वहिनीनं उजवा मिटला. का, तर नणंद डावखुऱ्या डोळ्याची होती, उजवा मिटून फोटो काढायची, आणि वहिनीनं तेवढंच बघितलेलं होतं. डाव्या डोळ्यानं तिनं डब्यात बघितलं.

पिवळी. पोशाख पांढरा होता आणि फुलं पिवळी होती. जुन्या वर्तमानपत्राच्या कडेसारखी, मळक्या दातांसारखी.

"बघ!" ती ओरडली. "हा बघ तुझा डबा! सगळं पिवळं करतोय!"

आणि विजयानं तिनं कॅमेरा खाली घेतला. डोळा उघडायचा मात्र राहिला.

समोर कमान होती. आता मध्ये डबा नव्हता, काच नव्हती, काहीच नव्हतं. कमान पिवळी होती.

तिनं उजवा डोळा उघडला. पांढरी. मिटला. पिवळी. उघडला. पांढरी.

"तुम्ही मला डोळा का मारताय?" मॅनेजरनं विचारलं.

कुणीतरी फिसकन हसलं. वहिनी नाही. तिनं डावा मिटून बघितला. पांढरी, सगळंच पांढरं, नवरीचा पोशाख, फुलं, भिंत, मॅनेजरचा सदरा, सगळे सख्खे भाऊ. दोन्ही उघडे असले की उजव्याचंच चालत होतं. मग परत उजवा मिटला. तिनं नणंदेकडे बघितलं, एका डोळ्यानं. नणंद रडत होती. आणि तेवढ्यानं वहिनीला कळलं, की हे हिला आज नव्हे, कधीचंच कळलेलं आहे.

फोटोत

काही नाही. हॉलच्या मागच्या मोरीत कुणी फोटो काढत नाही.

फोटोबाहेर

नळ टपकत होता. उपड्या घातलेल्या पातेल्यांच्या रांगेवर दोघी टेकल्या.

"कधीपासून?" वहिनी म्हणाली.

"दोन वर्षं झाली. दंतवैद्यिणीच्या मुलीच्या लग्नाच्या थोडं आधीपासून. तेव्हा थोडंच होतं. एखाददुसरं फूल."

"म्हणजे ते मधलं पान..."

"मी केलं. पिवळा उतरवला सगळा. पाकळी पाकळी करून."

"आणि मी मान डोलवली."

"हो."

"तुझ्या कामावर मान डोलवली मी. माझं म्हणून."

वहिनी हाताची बोटं बघत होती. बोटांवर देठांचा हिरवा डाग होता. तो हिरवाच होता की आणखी काही, कोण जाणे.

"आणि लोक? दोन वर्षं लोक हॉलमध्ये येत होते, कमानीखालून जात होते. आंधळे होते?"

"वहिनी, लग्नात फुलांकडे कोण बघतं एवढं," नणंद म्हणाली. तिला ते समजूत काढण्यासारखं वाटलं असावं. "लोक फोटोत बघतात."

पिवळ्या फुलांनी झालं नव्हतं ते ह्यानं झालं. वहिनीला वाटलं, कुणीतरी तिचं सगळं दुकान, बादल्या, पहाटेचं पाणी, दाराचा उजेड, हो आणि नाही, एका फुंकरीनं उडवून दिलं. फूल कुणी बघतच नव्हतं. तिनं पांढऱ्याला नावं ठेवली, आणि पांढरा मागच्या खोलीत तयार होत होता.

"मग सांगितलं का नाहीस? तुम्ही..." ती अहो-जाहोवर आली आणि तिथंच थांबली. राग पुरा पडेना. "सांगितलं का नाहीस गं?"

"काय सांगू? तू नाही म्हटलेलं फूल मी कधी हो म्हटलं नाही. मला तुझे रंग कुठं कळतात? दुधी काय आणि पिठूळ काय, मला सगळा पांढराच. मी फक्त आपल्या पहिल्या वर्षांतला फोटो उघडायचे. तू निवडलेली फुलं. त्यातला पांढरा उचलायचा आणि ह्यात टाकायचा. नवरीला जो पांढरा हवाय ना, तो तुझाच आहे, वहिनी. फक्त जुना आहे."

नळ टपकत राहिला. वहिनीला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मेलेल्या माणसाचा सदरा दुसऱ्याच्या अंगावर बघून जसं बरं वाटतं, तेवढंच वाटलं.

"आणि कोपऱ्यावरचा?"

"त्यानं विचारलं होतं. मी नाही म्हटलं. मी गेले असते तर तुझे फोटो कुणी काढले असते?"

"कुणी काढले असते, नाही," वहिनी उठत म्हणाली. "कुणी झाकलं असतं म्हण."

ती बाहेर आली. नवरी तशीच उभी होती, पोशाखाचं टोक मुठीत धरून. आईनं फोन कानाला लावला होता आणि दुसऱ्या फुलवाल्याचा नंबर कुणाला तरी विचारत होती.

"फुलं शिळी नाहीत," वहिनी म्हणाली. "पण पांढरीही नाहीत. कॅमेऱ्याचा दोष नाही. माझ्या डोळ्याला पिवळं कळेनासं झालंय. मला हे आत्ता कळलं."

आईनं फोन कानावरून काढला.

"उद्या सकाळी पांढरी असतील. पण त्या अल्बमसारखी नसतील. तसा पांढरा त्या लग्नातही नव्हता. तो नंतर लावलेला आहे."

"नंतर लावलेला?" आई म्हणाली. "मग आम्ही इतके दिवस कशाच्या भरवशावर बसलो?"

नणंद मागं उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग, तो कुठलाही असो, उतरला होता. दोघींचा धंदा वहिनीनं एका वाक्यात उघड्यावर मांडला होता. मॅनेजर पडद्याची वायर उगीच खालीवर करत होता. हॉलमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला तो हीच फुलवाली सुचवायचा, आणि आता काय सुचवायचं ह्याचा विचार त्याच्या पाठीवर दिसत होता.

नवरी बराच वेळ कमानीकडे बघत होती. "उद्या सकाळी बघते," ती म्हणाली. हो म्हणाली नाही. नाही म्हणाली नाही.

फोटोत

नाही. टेम्पोतही कुणी फोटो काढला नाही.

फोटोबाहेर

नवरा गाडी चालवत होता, मध्ये वहिनी, खिडकीशी नणंद. ठोक फुलवाल्याची वखार बंद व्हायच्या आत पोचायचं होतं. सिग्नलला गाडी थांबली. वहिनीनं उजवा डोळा मिटून नवऱ्याच्या गळ्यापाशी डोकावणारा बनियन बघितला.

"अहो, हा निळा आहे."

"हो."

"आणि तुम्ही घालून हिंडता?"

"घालतो."

"बोलला का नाहीत?"

त्यानं गिअर टाकला. "मला वाटलं, तुला माहीत असेल आणि तू सांगत नसशील. तू सांगितल्याशिवाय मी कसं सांगू?"

तिघं एका बाकावर खांद्याला खांदा लावून बसले होते. दोघांनी एकीला जपलं होतं, आणि जपता जपता तिला घराबाहेर काढून दार लावून घेतलं होतं. वाईट कुणी वागलं नव्हतं, आणि तीच अडचण होती. भांडायला कुणी सापडेना.

वखारीत थंडी होती. बादल्यांवर बादल्या. ठोकवाला शटर खाली ओढता ओढता थांबला. वहिनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून आत शिरली.

"डोळ्याला काय झालं, वहिनी?"

"माझीच दृष्ट लागली मला," ती म्हणाली. "ट्यूब सगळ्या लावा."

तिनं पदराच्या गाठीतून कापडाचा तुकडा काढला. एक गुलाब धरला. डाव्या डोळ्याला तो बरा दिसला. पण डावा तरी किती दिवस खरं बोलत होता? एक साक्षीदार फुटला की दुसऱ्यावरही कोर्ट विश्वास ठेवत नाही. ती थांबली. मग तिनं गुलाब नणंदेपुढं धरला.

"सांग."

"मी?"

"हो का नाही, सांग."

"मला नाही गं कळत."

"मला कळतं पण दिसत नाही. तुला दिसतं पण कळत नाही. आता काय, तिसरीला बोलवू? घाल हात."

नणंदेनं बादलीत हात घातला. पाणी गार होतं, तिनं श्वास आत घेतला. एक फूल काढलं, तुकड्याशी धरलं. "हे... उन्हासारखं आहे."

"मग सायीचा. बाहेर. पुढचं."

"हे ट्यूबसारखं."

"चुन्याचा. निळा मारतो तो. चालेल, पण थोडा. पुढचं."

"हे..." नणंद अडखळली. "हे आपल्या मोरीतल्या कपासारखं. घासल्यावर."

वहिनीनं तळहात काढला, परत ठेवला. "धुतलेल्या कपाचा," ती म्हणाली. "हो. हे हो. अशी जेवढी सापडतील तेवढी काढ."

अशी फार सापडली नाहीत. कमान भरायला चुन्याचा पांढरा मध्ये मध्ये घालावा लागणार होता, आणि दोन पांढऱ्यांचा सांधा दिसणार होता. वहिनीला तो दिसणार नव्हता, पण असणार हे तिला माहीत होतं.

फोटोबाहेर, दुसऱ्या दिवशी सकाळी

पडदा लागलेला होता. पाहुणे यायचे होते. वहिनी कमानीशेजारी उभी, हात पुढं बांधून, निकाल ऐकायला आलेल्या पोरीसारखी. आईनं आणखी एक फुलवाला बोलावून ठेवला होता. तो गाडी घेऊन बाहेर उभा होता, आणि ते लपवायची तसदी कुणी घेतली नव्हती. नवरी कमानीखाली आली. नणंदेनं कॅमेरा उचलला, उजवा डोळा मिटला.

पडद्यावर फोटो आला.

नवरीनं मान कलती करून बघितलं. आईनं बघितलं. वहिनीनं पडद्याकडे बघितलंच नाही. ती माणसांचे चेहरे बघत होती. यापुढं तिला फुलं अशीच बघावी लागणार होती, दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर.

"अल्बमसारखा नाहीये," नवरी म्हणाली.

"नाही."

"दोन रंग दिसतात. इथं एक, इथं एक."

"आहेतच दोन."

नवरीनं एका फुलाला बोट लावलं. जणू पडदा खोटं सांगेल पण बोट सांगणार नाही. मग म्हणाली, "असू दे." खूश होऊन नाही. लग्नाच्या दिवशी माणूस ज्या शंभर गोष्टींना असू दे म्हणतं, त्यातली एक म्हणून. आईनं बाहेरच्या गाडीला हातानं जा अशी खूण केली.

"छान झालंय," नणंद वहिनीच्या कानाशी म्हणाली.

"खरं?"

इतक्या वर्षांत वहिनीनं हे कधी विचारलं नव्हतं. नणंदेच्या छानवर ती डोळे झाकून झोपायची. आता दोघींच्या मध्ये हा शब्द आला होता आणि तो जाणार नव्हता. मोतीबिंदूच असेल आणि डोळ्याचं ऑपरेशन झालं, तरी नाही. डॉक्टरला फोन वहिनीनं अजून केलेला नव्हता. स्वच्छ दिसायला लागल्यावर घरातले सगळे अल्बम परत बघावे लागतील, ही एक भीती होतीच.

"खरं," नणंद म्हणाली. आणि जरा थांबून, "म्हणजे, मला जेवढं दिसतं तेवढं."

फोटोत

कमान. नवरी, नवरा, दोघांचे आईबाप. पांढरा पोशाख आणि दोन तऱ्हेचे पांढरे, मध्ये सांधा, बघणाऱ्याला सहज दिसेल असा. आणि कडेला, चौकटीत यायलाच नको होती अशी एक बाई, हात बांधून, उजवा डोळा घट्ट मिटून. सगळ्या वऱ्हाडाला डोळा मारत असल्यासारखी.

फोटोबाहेर

"ही कडा कापून टाकते," मागच्या खोलीत नणंद म्हणाली.

"राहू दे."

"आणि फुलं? थोडा सांधा मिटवू? कुणाला कळणार नाही."

"हात लावू नकोस त्याला."

नणंदेनं हात माऊसवरून काढला. वहिनी तिच्या खुर्चीमागं उभी होती. आधी तिनं उजवा डोळा झाकला. सांधा दिसला, थोडासा, जिथं असायला हवा तिथंच. मग तिनं डावा झाकला, नुसत्या उजव्यानं बघितलं. सांधा गेला. फुलं, पोशाख, सगळं एकाच हातानं केल्यासारखं झालं, एकमेकांचं सख्खं, थेट त्या मधल्या पानासारखं. मागच्या खोलीत पाकळी पाकळी करून नणंद जे करत होती, ते तिचा उजवा डोळा फुकटात करत होता.

तिला ते सुंदर वाटलं. ती तशीच थोडा वेळ उभी राहिली.

"वहिनी?" नणंद मागं न बघता म्हणाली. "कसं दिसतंय?"

वहिनीनं हात खाली घेतला.

"तू सांग," ती म्हणाली.